कोयत्याने युरोपला हरवलं तेव्हा

"मॅडम, आपण युरोपला हरवलंय!" निशांत म्हणाला आणि समोसा हातात तसाच धरून त्याने स्लाइड बदलली.

लातूरच्या एका हॉटेलचा कॉन्फरन्स हॉल होता. पुण्याहून सर्व्हे एजन्सीची निशांत धरून चार माणसं आली होती, नांदेडहून मी. पडद्यावर उभ्या खांबांचा चार्ट होता. एक खांब म्हणजे एक देश किंवा एक भाग. खांब जेवढा उंच, तेवढी तिथल्या बाईची कमाई पुरुषापेक्षा कमी. मधोमध युरोपातला एक थंड, श्रीमंत देश उभा होता, जिथे बापसुद्धा बाळंतपणाची रजा घेतात म्हणे. त्याच्या शेजारी 'लातूर-नांदेड' असं लिहिलेला आमचा खांब होता. तो त्या देशाच्या गुडघ्यालाही लागत नव्हता.

"म्हणजे आपल्याकडे बाई आणि पुरुष जवळजवळ सारखं कमावतात?" मी विचारलं.

"एक्झॅक्टली! इट्स अ फॅन्टास्टिक स्टोरी, मॅडम."

मी सरकारी सांख्यिकी खात्यात नोकरी केली. रिटायर झाल्यापासून अशा एजन्सींना सल्ला देते. म्हणजे त्यांनी आकडे आणायचे आणि मी नाक मुरडायचं, असं ते काम आहे. त्याचे पैसे मिळतात, म्हणून मी ते मन लावून करते.

हे जेंडर वेज गॅप प्रकरण तसं सोपं आहे. एकाच काळात पुरुषाला शंभर रुपये मिळत असतील आणि बाईला सत्तर, तर गॅप तीस टक्के. पण एवढ्या सोप्या गोष्टीवर एजन्सी चालत नाही, म्हणून पुढे 'अ‍ॅडजस्टेड' गॅप येतो. बाई कमी शिकलेली, तो फरक काढून टाका. ती हलक्या कामावर, तोही काढा. तिचे तास कमी, तोही काढा. ताटातली भाकरी, भाजी, चटणी सगळं काढून घेतलं की ताट जसं स्वच्छ दिसतं, तसा शेवटी गॅप दिसतो. मग त्या स्वच्छ ताटाचा फोटो रिपोर्टच्या कव्हरवर छापायचा.

या प्रोजेक्टचे पैसे एका परदेशी फाउंडेशनचे होते. बऱ्याच देशांत एकच प्रश्नावली फिरवून देशादेशांची आणि त्या त्या देशातल्या समाजगटांची तुलना करायची होती. समाजगटाच्या प्रश्नाने पहिल्याच फेरीत आमची शोभा केली होती. मूळ प्रश्नावलीत गोरे, काळे, लॅटिनो, एशियन आणि इतर एवढेच पर्याय होते. पुण्याने ते जसेच्या तसे टॅबवर चढवले. त्यामुळे अख्खा मुखेड तालुका 'एशियन' निघाला आणि देगलूरकडचे दोन कन्नड बोलणारे गृहस्थ 'इतर'. मी बोंब मारल्यावर तिथे जात आली. आमच्याकडे तो प्रश्न विचारताना कुणाला दुभाषा लागत नाही.

"आता पुढची स्लाइड बघा," निशांत म्हणाला. "ही तर अजून भारी आहे."

त्यात आमच्याच दोन जिल्ह्यांतले समाजगट होते. शहरातल्या, शिकलेल्या, नोकरदार उच्चवर्णीयांत गॅप चांगला मोठा होता. दलितांत तो नावाला होता, आणि तांड्यांवर जवळपास शून्य.

"मी यावर पेपर लिहितोय," निशांत म्हणाला. "श्रमिक समाजात मुळातच एक समता असते. प्रायमॉर्डियल इक्वॅलिटी. शिक्षण आणि शहरीकरण आलं की ती जाते."

माझे आजोबा छपन्न साली बौद्ध झाले. त्यांच्या आधीच्या सात पिढ्यांनी ही मुळातली समता पोटभर खाल्ली होती. मला राग आला, पण मी समोसाच खाल्ला. साठीनंतर रागाचा पहिला घास गिळायची सवय लागते.

"रिपोर्ट कधी जातोय?" मी विचारलं.

"सोमवारी. क्लायंटकडून क्लारा मीटिंग घेणार आहे. त्यावरच पुढच्या वर्षाचा फंडिंग मॅप ठरेल."

हा फंडिंग मॅप म्हणजे कुठे गॅप जास्त त्याची यादी. जास्त गॅपवाल्या भागात फाउंडेशनचे पैसे चालू राहतात, कमी गॅपवाल्या भागातून ते दुसरीकडे जातात. आमच्याकडे त्या पैशांतून गावोगावी हंगामी वसतिगृहं चालतात. आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरं तिथे राहतात आणि शाळा चालू ठेवतात. थोडक्यात, आम्ही युरोपला हरवलं की वसतिगृहांना कुलूप. दसरा तोंडावर होता आणि त्यानंतर टोळ्या निघणार होत्या.

बरं, आमच्याकडे गड्याचा रोज वेगळा आणि बाईचा रोज वेगळा, हे शेंबडं पोरही सांगेल. सोयाबीनच्या काढणीला गावात दवंडीच द्यायची बाकी असते. मग एवढा मोठा फरक आमच्या टॅबमध्ये शिरून मेला कुठे?

नांदेडला परत आल्यावर मी कच्चा डेटा उघडला. कच्चा म्हणजे शिजवण्याआधीचा, प्रत्येक माणसाची एक ओळ. वसतिगृहांमुळे आमच्या नमुन्यात ऊसतोडीची घरं भरपूर होती. मी फक्त तीच घरं काढली आणि नवरा-बायकोच्या ओळी शेजारी लावल्या. प्रत्येक घरात दोघांची कमाई रुपयाला रुपया सारखी. नवऱ्याला जेवढे, बायकोला तेवढेच, तेही घरामागून घर. इतकी समता तर सख्ख्या भावांच्या वाटणीतही निघत नाही.

मी प्रतीक्षाला फोन लावला. ती आमची फील्ड इन्व्हेस्टिगेटर, नांदेडच्याच कॉलेजात समाजकार्य शिकणारी. मुखेडचा भाग तिने केला होता.

"प्रतीक्षा, हे आकडे बायकांनी सांगितले का?"

"न्हाई मॅडम. बाया म्हणायच्या, मालकाला इचारा. मालक म्हणायचा, कोयत्याला एवढे मिळतेत. बाईचा रकाना रिकामा ठेवला तर टॅब पुढंच जात नव्हता."

"मग?"

"पुण्याला फोन केला. ते म्हणले, भागिले दोन करा."

"कोण म्हणालं?"

"निशांत सरच."

इथे कोयता सांगितला पाहिजे. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. हंगामाआधी मुकादम आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. ती कोयत्यावर मिळते आणि नवऱ्याच्या हातात पडते. मग दोघांनी हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. तिच्या नावाची मजुरी नसते आणि तिचा वेगळा हिशोब कुठेच होत नाही. एकट्या गड्याला मुकादम अर्धा कोयता म्हणतो आणि अर्धीच उचल देतो. म्हणून तर घरात पोरगा हाताशी आला की त्याचं लग्न घाईने लावतात. कोयता पुरा करायला बाई लागते.

तर त्या पुऱ्या कोयत्याचे पैसे पुण्यात बसून दोनाने भागले होते, आणि त्या भागाकारावर आमच्या अडाणी समाजातली आदिम समता उभी होती. आमच्या धंद्यात याला 'इम्प्युटेशन' म्हणतात. उत्तर मिळालं नाही तर आपल्या अंदाजाने भरायचं. अंदाजाला इंग्रजी नाव दिलं की त्याची फी लावता येते.

पण नुसत्या संशयावर रिपोर्ट थांबत नाही. त्यासाठी बॅक-चेक करावा लागतो, म्हणजे काही घरांत पुन्हा जाऊन तेच प्रश्न विचारायचे. दुसऱ्या दिवशी प्रतीक्षाला घेऊन मी मुखेडच्या पुढे, डोंगराला लागून असलेल्या एका वस्तीवर गेले. तिथे सत्यकला आणि तिचा नवरा बालाजी भेटले. दोघं निघायच्या तयारीत होते. अंगणात ताडपत्री, पाण्याचा ड्रम आणि भांड्यांचं गाठोडं काढून ठेवलेलं होतं.

"गेल्या हंगामात तुम्हाला किती मिळाले?" मी सत्यकलाला विचारलं.

"कोयत्याला मिळाले की."

"कोयत्याला नाही. तुम्हाला?"

"म्या कोयत्यातच हाव की, मॅडम."

"पण तुमच्या हातात पैसे कुणी दिले?"

"माझ्या हातात कामून देतेल? मुकादम मालकाला देतो. मालक घरात आणतेत."

बालाजीला वाटलं, बायकोने काहीतरी चुकीचं सांगितलं. तो पुढे सरकला. "मॅडम, आमच्यात भेदभाव न्हाई बरं का. आजवर म्या पैशाच्या बाबतीत हिला कधी काही बोललो न्हाई."

"बोलतेल कशाला? मला किती आले, किती गेले, ठाव हाय का काही?" सत्यकला म्हणाली. बालाजी हसला. तीही हसली, पण जरा उशिराने.

मग तिने मला एका बाजूला नेलं. तिची मोठी मुलगी वैष्णवी नववीत होती. दोन वर्षं वसतिगृहात राहिली होती, गणितात हुशार होती.

"वसतिगृह बंद होऊन राहिलंय म्हणतेत. खरं हाय का?"

"कोण म्हणतं?"

"गावात समदे बोलून राहिले. बंद झालं तर पोरीला संग न्यावं लागंल. फडावरच्या झोपडीत, कोप्यावर वयात आलेली पोरगी किती दिस ठेवता, सांगा? मागच्याच महिन्यात एक स्थळ येऊन गेलं. त्यायचा पोरगा अर्धा कोयता हाय."

तेवढंच बोलून ती गाठोडं बांधायला गेली. मी वैष्णवीला सतराचा पाढा येतो का वगैरे काही विचारलं नाही. असल्या वेळी पाहुण्यांनी पोरांची परीक्षा घेऊ नये. ती चुलीपाशी भाकरी थापत होती आणि भाकरी गोल होती. या पोरीच्या लग्नाचा मुहूर्त आमच्या बार-चार्टवर ठरणार होता.

गाडीतूनच मी निशांतला फोन केला.

"मॅडम, रिलॅक्स," तो म्हणाला. "भागिले दोन हे फेअर अ‍ॅझम्प्शन आहे. दोघं काम करतात, दोघांना अर्धं."

"अर्धं मिळालं पाहिजे, हे तुझं मत झालं. मिळतं का, हा सर्व्हे होता."

"ओके. मग त्या बायकांचे आकडे ब्लँक ठेवू."

ब्लँक म्हणजे 'मिसिंग व्हॅल्यू'. ज्यांचा आकडा नाही त्यांना हिशोबातून वगळतात. आम्ही करून बघितलं. सत्यकला आणि तिच्यासारख्या सगळ्या बाया गेल्या. उरल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, नर्सा आणि थोड्या शेतमजूर बाया. शिक्षिकेला शिक्षकाइतकाच पगार, कारण स्केल एकच. खांब थोडा वाढला, पण यादीत राहण्याइतका नाही.

"मग शून्य टाक," मी म्हटलं. "तिच्या हातात शून्य येतं, ते लिही."

निशांतने शून्य टाकलं. निकाल आधीच्याइतकाच आला. कारण तुलना करताना आम्ही मजुरीचा लॉग घेतो. लॉग ही आकडे आटोपशीर करायची गणितातली एक युक्ती आहे. पण शून्याचा लॉग निघतच नाही, म्हणून सॉफ्टवेअर शून्यवाल्यांना न विचारता बाहेर काढतं. एक रुपयावाली बाई हिशोबात बसते, फुकट राबणारी बसत नाही.

म्हणजे भागाकार केला तर ती नवऱ्याच्या बरोबरीची. रकाना रिकामा ठेवला तर ती नाहीच. खरं लिहिलं तरी ती नाहीच. तिन्ही वाटा युरोपला हरवूनच थांबत होत्या.

"मॅडम, मेथडॉलॉजी पंधरा देशांत सेम आहे," निशांत म्हणाला. "मुखेडसाठी बदलता येणार नाही."

"बदलू नकोस. मला सोमवारी दहा मिनिटं दे."

"पाच."

सोमवारी क्लारा स्क्रीनवर आली. मागे बर्फ, हातात कॉफी. बाई सभ्य होती आणि आमच्या खांबाचं मनापासून अभिनंदन करत होती. माझं इंग्रजी सरकारी आहे, पण पाच मिनिटं टिकतं.

"तुमच्या देशात नवरा-बायको एकाच फॅक्टरीत काम करतात असं समजा," मी म्हटलं. "मालक दोघांना मिळून एक माणूस धरतो. एकच पगार काढतो. तो नवऱ्याला देतो. या बाईची मजुरी तुम्ही किती लिहाल?"

क्लारा म्हणाली, "असं होऊ शकत नाही. ते बेकायदेशीर आहे."

"आमच्याकडेही बेकायदेशीरच आहे. पण कायदा ऊस तोडायला येत नाही."

निशांतने माझा माइक म्यूट करायचा प्रयत्न केला. त्याचाच झाला.

"म्हणजे तिला काहीच मिळत नाही?" क्लाराने विचारलं.

"घरात पैसे येतात. ती त्यातूनच जेवते. पण तुमचा प्रश्न मजुरीचा आहे. मजुरी कोयत्याला आहे. तुम्ही पंधरा देशांत पुरुष आणि बाई यांची तुलना करताय. आमच्याकडे ज्याला मजुरी मिळते, तो पुरुषही नाही आणि बाईही नाही."

क्लाराने कॉफी खाली ठेवली. मग तिने फार मोलाचा प्रश्न विचारला. "मग या भागाचा खांब किती उंच काढायचा?"

"काढूच नका," मी म्हटलं.

त्यावर तासभर चर्चा झाली. पाच मिनिटं देणाऱ्यांनीच ती वाढवली. निशांतने 'कल्चरली एम्बेडेड जॉइंट इन्कम' असा एक शब्दसमूह तयार केला. दोनदा वापरल्यावर तो त्यालाच आवडेनासा झाला. शेवटी ठरलं की रँकिंगमध्ये लातूर-नांदेडच्या जागी खांब न काढता फक्त एक चांदणी द्यायची. खाली बारीक अक्षरात टीप: तुलनेस अपात्र, मजुरी व्यक्तिनिहाय दिली जात नाही, पुढील अभ्यास आवश्यक.

आता ऐका यातली गंमत. फाउंडेशनच्या नियमावलीत एक कलम आहे. जो भाग तुलनेस अपात्र ठरतो, त्याचं चालू फंडिंग पुन्हा अभ्यास होईपर्यंत थांबवता येत नाही. बायकांवर अन्याय आहे हे सिद्ध करून पैसे मिळवायला वर्षं गेली असती. आणि न्याय आहे असं सिद्ध झालं असतं तर पैसे सोमवारीच गेले असते. आमचं काहीच कळत नाही म्हटल्यावर ते एका वर्षासाठी राहिले.

निशांत दोन दिवस फुरंगटला होता. आदिम समतेचा पेपर गेला. मग त्यालाच सुचलं की 'मेथडॉलॉजिकल चॅलेंजेस इन रूरल वेज मेजरमेंट' हा त्याहून चांगला पेपर होतो. त्यात भागिले दोनचा उल्लेख 'फील्ड-लेव्हल एरर' असा केलाय. म्हणजे चूक प्रतीक्षाची. मी ते वाक्य खोडून 'हेड ऑफिस-लेव्हल' केलं आणि पेपरवरचं माझं नाव काढून घ्यायची धमकी दिली. पेपर सध्या अडकलाय.

टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा वस्तीवर गेले. सत्यकला उंबऱ्यात बसून पायाच्या भेगांत मेण भरत होती. बालाजी मुकादमाकडे गेला होता.

"वसतिगृह राहतंय," मी सांगितलं.

तिने मेणाची वाटी खाली ठेवली. पदराने डोळे पुसले आणि वैष्णवीला हाक मारून पेटी काढायला सांगितली, शाळेची.

"आमचं काम पटलं म्हणायचं त्यायला," ती म्हणाली.

"पटलं नाही. समजलंच नाही. तुमची मजुरी कशी मोजायची हेच त्यांना कळेना, म्हणून बंद करता आलं नाही. एक वर्षासाठी राहिलंय. मग परत अभ्यास करायला येतील."

तिने हिशोब केला. वैष्णवी नववीत. एका वर्षानं दहावी लागते, संपत नाही.

"मॅडम, ते पुन्हा आले तर तुमीच असताल का संगट?"

"बहुतेक."

"मग आनखी एक साल त्यायला काही समजू देऊ नका."

सगळी नोकरी आकडे स्पष्ट करण्यात गेली. रिटायर झाल्यावर हे पहिलंच काम असं मिळालंय, की जे मला नीट कळलंय ते वर्षभर कुणाला कळू द्यायचं नाही. याची फी नाही. प्रश्नावलीचा नवा मसुदा पुण्याहून तपासायला आलाय. त्यात कोयत्यासाठी अजूनही रकाना नाही, आणि मी तो सुचवलेला नाही.